आकड्याला जामीन कोण?

डिसेंबर २०२४ च्या अखेरीस शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा आणि आसपासच्या गावांतून केसगळतीच्या तक्रारी येऊ लागल्या. आधी डोक्याला खाज सुटायची, मग केस हातात यायचे आणि तीनचार दिवसांत टक्कल पडायचे. पहिला संशय शाम्पूवर गेला, मग बुरशीवर, मग पाण्यावर. विहिरींचे नमुने तपासले गेले, नायट्रेट आणि क्षार यांची चर्चा झाली. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे पथक गावांत येऊन गेले. फेब्रुवारी २०२५ मध्ये महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी आपला निष्कर्ष मांडला. रेशनच्या गव्हात किलोमागे १४.५२ मिलिग्रॅम सेलेनियम आहे, एरवी ते १.९ च्या आसपास असते, आणि केस जाण्याचे कारण तेच, असे त्यांचे म्हणणे होते. त्या दोन महिन्यांत बुलढाणा जिल्ह्यात पारावर, बस स्टँडवर आणि वर्तमानपत्रांत रसायनशास्त्राचीच चर्चा चालू होती. शब्द कळत नव्हते, आकडे कळत नव्हते, आणि कोणत्या आकड्यावर विश्वास ठेवायचा हेही कळत नव्हते. अशा वेळी एक प्रश्न विचारायला हवा होता. याच जिल्ह्यात दरवर्षी रसायनशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेणारी मुले-मुली आहेत. तो आकडा वाचायला, तपासायला आणि त्याला प्रश्न विचारायला आपण त्यांना तयार करतो का?

एम.एस्सी. रसायनशास्त्राचा गाभा बहुतेक विद्यापीठांत सारखाच असतो, आणि बुलढाण्याची महाविद्यालये ज्याला जोडलेली आहेत ते संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठ त्याला अपवाद नाही. असेंद्रिय शाखेत धातूंची संकुले आणि त्यांचे बंध, सेंद्रिय शाखेत अभिक्रियांच्या यंत्रणा आणि रेणूंची त्रिमितीय रचना, भौतिक शाखेत क्वांटम यामिकी, ऊष्मागतिकी, अभिक्रियेचा वेग आणि विद्युत्-रसायन, वैश्लेषिक शाखेत त्रुटींचे गणित, वर्णपटशास्त्र आणि क्रोमॅटोग्राफी. प्रयोगशाळेत टायट्रेशन, भारमापन, मिश्रणातले घटक वेगळे करणे, संयुग बनवून त्याचा उत्कलनबिंदू किंवा द्रवणबिंदू काढणे, पोटेन्शिओमीटर, कंडक्टोमीटर, फ्लेम फोटोमीटर, स्पेक्ट्रोफोटोमीटर. या यादीत काही कमी नाही. कमी आहे ती एक गोष्ट. प्रयोगशाळेतल्या बाटलीत काय आहे हे शिक्षकाला आधीच माहीत असते, आणि बऱ्याचदा विद्यार्थ्यालाही. उत्तर ठाऊक असले की रीडिंग त्याच्याकडे आपोआप सरकते. ब्युरेटमधला पाव मिलिलिटरचा फरक जर्नलमध्ये उतरवताना नाहीसा होतो. माझे म्हणणे असे की पदव्युत्तर रसायनशास्त्राचे सार आपल्या आकड्याला जामीन राहता येण्यात आहे. हा आकडा कसा आला, किती चुकू शकतो आणि तो चुकवू शकणारी कोणती गोष्ट मी तपासली, हे सांगण्याची ताकद म्हणजे ती पदवी. ही ताकद ज्याचे उत्तर कोणालाच माहीत नाही अशा नमुन्यावरच कमावता येते. आणि असे नमुने बुलढाणा जिल्ह्याइतके फार थोड्या जिल्ह्यांना लाभले आहेत.

लोणारपासून सुरुवात करू. बेसाल्टच्या थरांवर उल्का आदळून झालेले हे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे आहे. त्याच्या वयाचाच आकडा घ्या. उष्मादीप्ती पद्धतीने ते सुमारे ५२ हजार वर्षे आले होते. २०११ मध्ये आर्गॉन समस्थानिकांच्या पद्धतीने ते ५ लाख ७० हजार वर्षे आले, त्यात ४७ हजार वर्षे इकडे-तिकडे. दोन्ही आकडे प्रयोगशाळेतूनच आले आणि त्यांच्यात दहापटीहून अधिक अंतर आहे. म्हणजे आकड्याबरोबर पद्धत सांगितली नाही तर आकडा अर्धवट राहतो. विवरातल्या सरोवराला बाहेर जायला वाट नाही. पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन बेसाल्ट झिजवते. त्यातून सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट पाण्यात उतरतात. उन्हाने पाणी आटत जाते तसे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम कार्बोनेटच्या रूपात आधी तळाशी बसतात. त्यांना पुरून उरेल इतके बायकार्बोनेट मुळात असल्यामुळे मागे सोडियम आणि कार्बोनेट उरतात, आणि पाणी सोड्याचे होते. तळाच्या गाळात गेलुसाइट हे सोडियम आणि कॅल्शियमचे दुहेरी कार्बोनेट स्फटिकरूपात सापडले आहे, तो या प्रक्रियेचा पुरावा. आइन-ए-अकबरीत लोणारच्या परिसरात काच आणि साबण बनवण्याचे साहित्य मिळते अशी नोंद आहे. काचेला आणि साबणाला लागतो तो हाच सोडा. केनियातल्या मागाडी सरोवराचे रसायनशास्त्र याच जातीचे आहे, आणि तिथला सोडा आजही काढला जातो. विद्राव्यता गुणक, समतोल, अम्ल-अल्कली या पाठ्यपुस्तकातल्या प्रकरणांचा एवढा मोठा आणि उघडा प्रयोग दुसरीकडे शोधावा लागतो.

आता हेच पाणी प्रयोगशाळेत आणले की काय होते ते जवळून पाहू. पीएच मोजायचा तर मीटर ४, ७ आणि ९.२ च्या बफरवर लावून घेतात. लोणारचा पीएच दहाच्या घरात असतो, म्हणजे या मापाच्या बाहेर. शिवाय पाण्यात सोडियम भरपूर असेल आणि पीएच चढा असेल तर साधा काचेचा इलेक्ट्रोड सोडियमलाही प्रतिसाद देतो आणि रीडिंग खऱ्यापेक्षा कमी दाखवतो. क्लोराइड काढायचे तर पहिली आठवण मोहरच्या पद्धतीची होते: क्रोमेटचे थेंब, वरून सिल्व्हर नायट्रेट, आणि विटकरी छटा आली की थांबायचे. लोणारच्या पाण्यात हे थेट केले तर चांदी क्लोराइडबरोबर कार्बोनेटलाही धरते, सिल्व्हर नायट्रेट जास्त खर्च होते आणि क्लोराइड फुगून येते. नमुना आधी अम्लाने उदासीन करून कार्बन डायऑक्साइड घालवावा लागतो. कठीणपणा ईडीटीएने काढताना तीच अडचण वेगळ्या वेषात येते: बफर घातला की कॅल्शियम कार्बोनेटबरोबर खाली बसते, ईडीटीएला ते भेटतच नाही आणि एंड पॉइंट घसरत राहतो. कार्बोनेट आणि बायकार्बोनेट वेगळे काढायला फिनॉल्फ्थॅलीन आणि मिथिल ऑरेंज यांचे दोन टप्पे पुरतात. पण त्या उत्तराची पीएचशी सांगड घालायला गेले तर पुस्तकातला १०.३३ हा स्थिरांक चालत नाही, कारण तो विरळ द्रावणासाठी आहे आणि हे पाणी क्षारांनी दाट आहे. इथे आयनिक सामर्थ्य आणि सक्रियता गुणांक हे प्रकरण कामाला येते. एका बाटलीने वैश्लेषिक, असेंद्रिय आणि भौतिक अशा तिन्ही शाखांची परीक्षा घेतली, आणि कृती तोंडपाठ असून कारण न कळणारा विद्यार्थी इथे सरळ चुकतो.

जून २०२० मध्ये सरोवराचे पाणी गुलाबी झाले तेव्हा जगभर बातमी गेली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने दखल घेतली, आणि नमुने नागपूरच्या नीरीकडे व पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे गेले. पाणी घटले, खारेपणा वाढला, आणि खारात वाढणाऱ्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांचे रंगद्रव्य पाण्याला चढले, असा उलगडा झाला. ही रंगद्रव्ये कॅरोटिनॉइड कुळातली. गाजराच्या बीटा-कॅरोटीनमध्ये एकाआड एक अशा ११ दुहेरी बंधांची साखळी असते आणि ते ४५० नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश शोषते, म्हणून नारिंगी दिसते. हॅलोआर्कियांच्या बॅक्टेरिओरुबेरिनमध्ये अशा १३ बंधांची साखळी असते, म्हणून शोषण हिरव्याकडे सरकते आणि रंग लाल-गुलाबी होतो. साखळी लांबली की इलेक्ट्रॉनला फिरायला जागा वाढते आणि ऊर्जेच्या पायऱ्या जवळ येतात. क्वांटम यामिकीच्या पहिल्याच महिन्यात फळ्यावर येणारा 'पेटीतला कण' तो हाच. पेशी मिथेनॉलमध्ये भिजवून रंग काढणे, पातळ थराच्या क्रोमॅटोग्राफीने वेगळा करणे, स्पेक्ट्रोफोटोमीटरवर शिखरे पाहणे, एवढे काम साध्या पदव्युत्तर प्रयोगशाळेत होते. ज्या विषयाला मुले सर्वांत कोरडा समजतात त्याचा दाखला त्यांच्याच जिल्ह्यात, किलोमीटरभर रुंदीच्या पाण्यात दिसला होता.

लोणारचे पाणी कोणी पीत नाही. पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्याचे पाणी मात्र माणसांच्या आणि पिकांच्या वाट्याला आले आहे. अमरावती, अकोला आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत हा पट्टा पसरला आहे. बुलढाण्यात संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव या तालुक्यांना त्याची झळ अधिक. तिथल्या मूत्रपिंडाच्या आजारांची चर्चा वर्षानुवर्षे चालू आहे. भारतीय मानक ब्यूरोच्या पिण्याच्या पाण्याच्या मानकात एकूण विद्राव्य क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅम असावेत, आणि दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालतील, असे आहे. पण 'क्षार जास्त' एवढ्याने काही कळत नाही. कोणते क्षार? सोडियम किती, कॅल्शियम किती? काळ्या मातीतल्या चिकणमातीला सोडियम चिकटले की माती पाण्यात फुटते, तिची छिद्रे बुजतात आणि पाणी मुरत नाही. म्हणून शेतकऱ्याला एकूण क्षारांइतकेच सोडियमचे कॅल्शियम-मॅग्नेशियमशी असलेले प्रमाण कळणे गरजेचे असते. ते काढायला फ्लेम फोटोमीटर आणि ईडीटीए पुरतात.

याच पाण्यावर जामीन राहण्याची सर्वांत सोपी आणि सर्वांत कडक कसोटी शिकवता येते. कोणतेही पाणी विद्युतदृष्ट्या उदासीन असते, म्हणजे त्यातल्या धन आयनांचा एकूण भार आणि ऋण आयनांचा एकूण भार सारखाच असला पाहिजे. सोडियमचे २३ मिलिग्रॅम, कॅल्शियमचे २०, क्लोराइडचे ३५.५ आणि बायकार्बोनेटचे ६१ मिलिग्रॅम यांचा भार एकसारखा. सगळे आयन मोजून या मापाने दोन बाजूंची बेरीज करायची. फरक पाचएक टक्क्यांच्या आत आला तर मोजणी विश्वासार्ह, त्याहून जास्त आला तर कुठेतरी चूक आहे किंवा एखादा आयन मोजायचा राहिला आहे. इथे उत्तर सांगायला शिक्षकाची गरज नाही आणि रीडिंग जुळवायलाही वाव नाही, कारण सात-आठ स्वतंत्र मोजण्या एकमेकींवर पहारा ठेवतात. एककांची शिस्तही याच पाण्यावर लागते. नायट्रेटची मर्यादा कुठे ४५ लिहिलेली असते, कुठे १०, आणि वाचणारा चक्रावतो. पहिला आकडा पूर्ण नायट्रेटचा आहे, दुसरा त्यातल्या फक्त नायट्रोजनचा; १० ला ६२ ने गुणून १४ ने भागले की ४४ येतात, म्हणजे मर्यादा जवळजवळ एकच. एकाने नायट्रेट मोजावे आणि दुसऱ्याने ते नायट्रोजनच्या मर्यादेशी ताडून पाहावे, एवढ्याने चांगली विहीर विषारी ठरू शकते.

आता पुन्हा शेगावच्या गव्हाकडे वळू. १४.५२ हा आकडा एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यासमोर ठेवला तर त्याने काय विचारावे? पहिला प्रश्न नमुन्याचा: गहू किती पोत्यांतून, कसा घेतला? दुसरा विरघळवण्याचा: सेलेनियमची काही संयुगे तापवल्यावर उडून जातात, म्हणून गहू नायट्रिक आम्लात बंद भांड्यात पचवला होता का? तिसरा यंत्राचा: आयसीपी-एमएस यंत्रात आर्गॉनचा प्लाझ्मा असतो, आणि आर्गॉनचे दोन अणू जोडले गेले की त्यांचे वस्तुमान ८० होते, सेलेनियमच्या सर्वांत मुबलक समस्थानिकाइतके. यंत्र डोळे झाकून ८० वर वाचत बसले तर आर्गॉनच सेलेनियम म्हणून मोजला जाईल. म्हणून ७८ वर वाचतात किंवा अडथळा काढणारी कोठडी वापरतात. चौथा प्रश्न ब्लँकचा आणि परताव्याचा: गव्हाशिवाय तेवढेच आम्ल तसेच पचवले तर काय आले, आणि माहीत असलेले सेलेनियम मुद्दाम घातले तर किती परत मिळाले? पाचवा प्रयोगाच्या रचनेचा: धुतलेला आणि न धुतलेला गहू वेगवेगळा तपासला का? धुऊन आकडा पडला तर सेलेनियम वरच्या धुळीत आहे, तसाच राहिला तर दाण्याच्या आत. उपाय कोणता करायचा हे या एका फरकावर ठरते. हे प्रश्न डॉ. बावस्करांच्या कामावर अविश्वास दाखवण्यासाठी विचारायचे नाहीत. गंभीर आकड्याचा मान राखण्याची रीतच ही आहे.

आणि आकडा टिकला तर पुढचा हिशोब सोपा आहे. दिवसाला ३०० ग्रॅम अशा गव्हाची पोळी खाल्ली तर पोटात सुमारे ४.४ मिलिग्रॅम सेलेनियम जाते. प्रौढ माणसासाठी अमेरिकेत मान्य केलेली वरची मर्यादा दिवसाला ०.४ मिलिग्रॅम आहे. म्हणजे अकरापट. सेलेनियम गंधकाच्या खालचे मूलद्रव्य. वनस्पती ते गंधकाच्या जागी अमिनो आम्लांत घेते, आणि केसांचे केराटिन गंधकाच्या बंधांवरच उभे असते. आवर्तसारणीतला हा शेजार समजला की केस आणि नखे यांवरच आघात का होतो याची दिशा सापडते. चीनच्या हूबेई प्रांतातल्या एन्शी भागात १९६० च्या दशकात असेच केस आणि नखे गेली होती; तिथल्या दगडी कोळशातून शेतात उतरलेल्या सेलेनियमशी त्याचा संबंध जोडणारे संशोधन १९८३ मध्ये प्रसिद्ध झाले. पंजाबात होशियारपूर आणि नवांशहर भागातल्या काही जमिनी सेलेनियमयुक्त असल्याचेही शास्त्रज्ञांना आधीपासून माहीत होते. ज्ञान होते. ते शेगावच्या पहिल्या आठवड्यात वापरणारी माणसे जवळ नव्हती.

यावर पहिला आक्षेप साधनांचा. तालुक्याच्या महाविद्यालयात आयसीपी-एमएस कुठून येणार? येणार नाही, आणि त्याची गरजही नाही. लोणारचे आणि खारपाणपट्ट्याचे वर सांगितलेले जवळजवळ सगळे काम ब्युरेट, पीएच मीटर, फ्लेम फोटोमीटर आणि स्पेक्ट्रोफोटोमीटर यांवर होते. जे होत नाही त्यासाठी मुंबईच्या आयआयटीतल्या अत्याधुनिक उपकरण केंद्रासारख्या सोयी बाहेरच्यांचे नमुने शुल्क घेऊन तपासतात. तिथे पाठवायचा नमुना नीट घेणे, त्यासोबत ब्लँक आणि एकाच नमुन्याच्या दोन बाटल्या वेगळ्या नावांनी पाठवणे, आलेला आकडा पारखणे, हे रसायनज्ञाचेच काम आहे आणि त्याला महागडे यंत्र लागत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. मुलांना नेट-सेट द्यायची असते, औषध कंपन्यांत नोकरी हवी असते. गावच्या विहिरी मोजून त्यांचे काय भले होणार? शिवाय अभिक्रियांच्या यंत्रणा आणि समूह सिद्धांत शिकायला वेळ पुरत नाही, त्यात ही भर कशाला? हा आक्षेप प्रामाणिक आहे, आणि गाभ्याचे विषय पातळ करून स्थानिक प्रकल्प घुसवायचे असतील तर मी त्याच्या बाजूने उभा राहीन. पण औषध कंपनीच्या गुणवत्ता विभागात नव्या माणसाला पहिले काय करावे लागते? पद्धत अचूक आहे का, पुनःपुन्हा तेच उत्तर देते का, किती कमी मात्रा ओळखते, हे एचपीएलसीवर सिद्ध करायचे असते. विहिरीच्या पाण्यावर ब्लँक आणि परतावा शिकलेला विद्यार्थी तेच काम आधी करून आलेला असतो. वेळेचा प्रश्नही आता तितकासा उरलेला नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात २०२३-२४ पासून आलेल्या पदव्युत्तर रचनेत संशोधन पद्धती, क्षेत्रीय प्रकल्प किंवा कार्यप्रशिक्षण, आणि संशोधन प्रकल्प यांना श्रेयांक ठेवलेले आहेत. जागा आहे; ती उतरवून काढलेल्या प्रकल्पवह्यांनी भरायची की खऱ्या नमुन्यांनी, एवढाच निर्णय बाकी आहे.

तिसरा आक्षेप भीतीचा. विद्यार्थ्यांचे कच्चे आकडे गावात पसरले तर घबराट माजेल, आणि मान्यता नसलेल्या प्रयोगशाळेच्या अहवालाला कायद्याचा आधार काय? हे खरे आहे, म्हणूनच विद्यार्थ्यांनी प्रमाणपत्रे देऊ नयेत. पिण्यायोग्य की अयोग्य हा निकाल भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेने आणि आरोग्य खात्यानेच द्यावा. विद्यार्थ्यांच्या मोजणीने फक्त बोट दाखवावे: या विहिरीचे सोडियम दरवर्षी चढते आहे, या हातपंपाचे नायट्रेट पावसाळ्यानंतर वाढते, इथे अधिकृत तपासणी करा. लोणार हे तर अभयारण्य आहे आणि २०२० पासून रामसर यादीत आहे. तिथला नमुना वन विभागाच्या परवानगीनेच घ्यावा, आणि ती शिस्तही शिक्षणाचाच भाग समजावी. घबराटीबद्दल म्हणायचे तर शेगावात ती आकड्यांमुळे नव्हे, आकडे समजावून सांगणारे कोणी नसल्यामुळे माजली होती. गावातल्याच पदवीधर मुलीने नायट्रेटच्या ४५ आणि १० चा फरक ग्रामसभेत समजावला असता, तर निम्मी अफवा तिथेच थांबली असती.

म्हणून मागणी मोठी नाही. जिल्ह्यातल्या प्रत्येक पदव्युत्तर रसायनशास्त्र विभागाने आपल्या परिसरातल्या ठरावीक विहिरी निवडाव्यात, वर्षातून दोनदा, उन्हाळ्यात आणि पावसाळ्यानंतर, त्यांचे सर्व मुख्य आयन मोजावेत आणि भारांचा ताळेबंद जुळल्याशिवाय एकही आकडा नोंदवहीत चढवू नये. नोंदवही पुढच्या तुकडीच्या हाती द्यावी. प्रात्यक्षिक परीक्षेत गुण उत्तराच्या जवळिकीला जितके, तितकेच ब्लँकला, पुनरावृत्तीला आणि त्रुटीच्या प्रामाणिक नोंदीला द्यावेत. दहा वर्षांत खारपाणपट्ट्याच्या पाण्याची अशी मालिका तयार होईल जी आज कोणत्याही एका नमुन्यातून मिळत नाही. आणि पुढच्या वेळी एखाद्या गावातून अनोळखी आजाराची बातमी येईल, तेव्हा काय मोजायचे, कशाने मोजायचे आणि आलेल्या उत्तरावर किती भरवसा ठेवायचा, हे सांगणारी माणसे जिल्ह्यातच असतील. पदव्युत्तर पदवीवर खर्च करणाऱ्या समाजाने एवढी अपेक्षा ठेवणे रास्त आहे.